कंसांतील नांवें

मराठींत 'हरताळ फासणें' असा एक वाक्प्रचार आहे. केलेलें काम फुकट घालविणें, एवढाच त्याचा अर्थ आज उरला असला, तरी त्याचें मूळ पोथीच्या पानांत आहे. हस्तलिखित पोथी नकलतांना एखादें अक्षर चुकलें, तर लेखक त्यावर हरताळाचा पिवळा लेप देई, आणि लेप वाळला कीं त्यावरच शुद्ध अक्षर लिही. खालचें अक्षर दिसेनासें होई. पोथीपुरतें हें ठीकच होतें. कारण चुकलेल्या अक्षरावर कोणाचा हक्क अवलंबून नसतो. परंतु जमिनीचें दप्तर, जन्ममृत्यूची नोंदवही, बँकेचें खातें, यांत हरताळ चालत नाहीं. तेथें निरुपयोगी झालेली नोंद काढावयाची ती निराळ्या रीतीनें काढावी लागते. ती रीत ठाऊक नसल्यामुळें चांगल्या शिकलेल्या घरांचेंहि नुकसान होतें. म्हणून या महिन्यांत या सदरासाठीं तोच विषय घेतला आहे: मेलेली नोंद काढावी कशी, आणि ती काढतांना तिच्याबरोबर जिवंत माणसाचा हक्क जाऊं नये म्हणून काय पाहावें.

प्रथम आपल्या सर्वांच्या परिचयाचा सातबारा घेऊं. गांवनमुना सात हें अधिकारांचें पत्रक आणि गांवनमुना बारा ही पिकांची नोंदवही, या दोहोंची जोडी म्हणजे सातबारा. यांतील सातव्या नमुन्यांत ज्याचें नांव कमी व्हावयाचें, तें पूर्वीं खोडीत नसत. त्यास कंस घालीत आणि जवळ फेरफाराचा क्रमांक देत. सप्टेंबर २०२० मध्यें शासनानें सातबाराचा नवा नमुना आणला, त्यांत कमी झालेल्या नांवांना व बोजांना कंस घालून त्यांवर एक आडवी रेघ ओढण्याचें ठरलें. या साध्या युक्तींत तीन गोष्टी साधतात. नोंद आतां चालू नाहीं हें कळतें. ती कोणती होती हें वाचतां येतें. आणि ती कां गेली हें विचारावयाचें झाल्यास फेरफाराचा क्रमांक हातीं असतो. गांवनमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, काढून तो क्रमांक पाहिला कीं मृत्यु, खरेदी, वाटणी किंवा कर्जफेड, जें कारण असेल तें उघड होतें.

हीच दृष्टि कायद्यानें अन्यत्रहि ठेविली आहे. जन्म व मृत्यु नोंदणी अधिनियम, १९६९ याच्या कलम १५ अन्वयें निबंधकास चुकीची नोंद दुरुस्त किंवा रद्द करतां येते. परंतु तें करतांना मूळ नोंदींत कांहींहि फेरबदल न करितां समासांत तसा मजकूर लिहून त्यावर सही व तारीख घालावी लागते. मूळ अक्षर जसेंच्या तसें राहतें. तें आतां मानूं नये, एवढेंच समास सांगतो.

संस्कृत व्याकरण शिकलेल्या वाचकांस येथें पाणिनीच्या लोपसंज्ञेची आठवण होईल. लोप म्हणजे नाश, असें त्यानें म्हटलें नाहीं. जें असावयाचें तें न दिसणें, एवढाच त्याचा अर्थ त्यानें केला. शिवाय, प्रत्ययाचा लोप झाला तरी त्या प्रत्ययामुळें व्हावयाचें कार्य होतेंच, असाहि नियम त्यानें घालून दिला. 'राजन्' या शब्दापुढील प्रथमेचा सकार लोपतो. परंतु तो होता म्हणूनच शब्दास पदसंज्ञा मिळते, शेवटचा नकार जातो आणि 'राजा' हें रूप सिद्ध होतें. न दिसणाऱ्याचाहि परिणाम उरतो. कंसांतल्या आजोबांचें नांव सातबारावर चालू नसतें. पण त्यांच्यामुळेंच नातवांचें नांव तेथें आलेलें असतें.

आतां कोणी म्हणेल, मग जुन्या नोंदी जशा आहेत तशाच कां राहूं देऊं नयेत? याचें उत्तर आपल्या मराठवाड्यांत शोधावयास दूर जावें लागत नाहीं. भोकर, मुदखेड, हदगांव, उमरी, कोणताहि तालुका घ्या. वडील जाऊन वीस वर्षें झालीं, तरी सातबारावर त्यांचेंच नांव चालू आहे, अशीं घरें सांपडतातच. नांव मृताचें, नांगर जिवंताचा. जोंपर्यंत घरांत कोणास कर्ज काढावयाचें नसतें, जमीन विकावयाची नसते, रस्त्यासाठीं किंवा तलावासाठीं ती संपादनांत जात नसते, तोंपर्यंत हें खपून जातें. पण यांतला एक जरी प्रसंग आला, तरी पैसा मृताच्या नांवानें निघतो आणि तो घेण्यास कोणीच पुढें येऊं शकत नाहीं. मधल्या काळांत आणखी दोघे वारस वारलेले असतात, आणि एका फेरफारानें जें झालें असतें त्यास तीन पिढ्यांची वंशावळ जुळवावी लागते.

याच अडचणीवर उपाय म्हणून महाराष्ट्र शासनानें २०२५ सालीं 'जिवंत सातबारा' ही मोहीम काढली. बुलढाणा जिल्ह्यांतील चिखली तालुक्यांत ती आधीं राबविण्यांत आली आणि १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर तिचें वेळापत्रक लागलें. प्रथम तलाठ्यांनीं, ज्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी असें नांव आहे, चावडीवाचन करून मृत खातेदारांची यादी करावयाची. मग वारसांनीं मृत्यूचा दाखला, वारसांविषयींचें प्रतिज्ञापत्र इत्यादि कागद द्यावयाचे. आणि शेवटीं मे महिन्याच्या १० तारखेपर्यंत मंडळ अधिकाऱ्यांनीं फेरफार मंजूर करून वारसांचीं नांवें लावावयाचीं. पुढच्या टप्प्यांत सातबाराच्या इतर हक्कांत वर्षानुवर्षें साचलेले कालबाह्य शेरे कमी करण्याचें काम घेण्यांत आलें: तगाई कर्ज, बंडिंगचे बोजे, अ.पा.क., ए.कु.मॅ. वगैरे.

मोहीम स्तुत्य आहे. तथापि आमच्या एकत्र कुटुंबाच्या वाचकांनीं या यादींतील शेवटच्या तीन अक्षरांपाशीं थांबावें. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. वडील वारले म्हणजे सर्व भावांचीं नांवें लावण्याऐवजीं थोरल्या भावाचें एकट्याचें नांव लावून त्यापुढें हीं अक्षरें लिहिण्याचा प्रघात होता. सारा भरणें, नोटीस घेणें, यांसाठीं सरकारास एक माणूस हवा असे, आणि घरांतहि थोरल्यांचा शब्द प्रमाण असे. त्या काळीं त्यांत कोणास वावगें वाटत नव्हतें.

समजा, भोकर तालुक्यांतील एका गांवीं एका गृहस्थांची वीस एकर वडिलोपार्जित जमीन होती. १९६२ सालीं ते वारले. मागें त्यांची पत्नी, तीन मुलगे आणि दोन मुली असा परिवार होता. थोरल्यांचें नांव ए.कु.मॅ. म्हणून लागलें. मधले हैदराबादेस नोकरीस गेले, धाकटे पुण्यास. बहिणी सासरीं गेल्या. थोरल्यांनीं जमीन प्रामाणिकपणें राखली, दर वर्षीं ज्वारी-डाळीचा वाटा दोघां भावांकडे पोंचविला, दिवाळीस बहिणींस माहेरीं आणलें. कुटुंबांत कोणाच्या मनांत वांकडें नाहीं. पुढें थोरले वारले. त्यांच्या मुलांनीं रीतीप्रमाणें वारसाचा अर्ज केला. त्यांत वडिलांचे वारस म्हणून त्यांनीं स्वतःचीं व आईचीं नांवें दिलीं, आणि तींहि खरींच होतीं. फेरफार झाला, थोरल्यांच्या नांवास कंस पडला, आणि त्या नांवाबरोबर पुढचीं तीन अक्षरेंहि कंसांत गेलीं.

येथें काय घडलें तें नीट पाहावें. त्या तीन अक्षरांच्या आड पांच माणसें उभीं होतीं: आई, दोन भाऊ, दोन बहिणी. त्यांचीं नांवें दप्तरांत कोठेंहि लिहिलेलीं नव्हतीं. 'या नांवामागें आणखी कोणी आहेत' एवढी खूण मात्र होती. ती खूण गेली, आणि कागदापुरते ते पांचहि जण नाहींसे झाले. कोणी लबाडी केली नाहीं, कोणी खोटें लिहिलें नाहीं. नोंद मेलेली आहे असें समजून ती काढली, आणि तिच्यावर टेकलेलें कोणी आहे कीं नाहीं हें तेवढें पाहावयाचें राहिलें.

कायद्यानें त्या पांचांचा हक्क यामुळें बुडत नाहीं, हें खरें. फेरफाराच्या नोंदीनें मालकी उत्पन्न होत नाहीं आणि नष्टहि होत नाहीं, असें न्यायालयांनीं वारंवार सांगितलें आहे. परंतु महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५७ प्रमाणें अधिकार अभिलेखांतील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानावयाची असते. म्हणजे आजवर ज्यांनीं कांहींच सिद्ध करण्याची गरज नव्हती, त्यांजवर आतां सिद्ध करण्याचा भार येऊन पडला. पुढच्या पिढींत कोणी ती जमीन विकली, तर घेणारा सातबारा पाहून घेईल; पुण्याच्या नातवास तें पांच वर्षांनीं कळेल; आणि ज्या घरांत कधीं आवाज चढला नाहीं, त्या घराचीं माणसें न्यायालयाच्या पायऱ्यांवर एकमेकांस पाठ करून बसतील.

बहिणींच्या बाबतींत तर विशेष जपावयास हवें. वडिलांच्या हिश्शांत मुलींस वारसा १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार अधिनियमानेंच मिळाला होता. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलांत आलेल्या दुरुस्तीनें मुलगी ही मुलाप्रमाणेंच जन्मतः सहदायिक झाली. आणि त्यासाठीं त्या दिवशीं वडील हयात असलेच पाहिजेत असें नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं विनीता शर्मा यांच्या खटल्यांत दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर झालेल्या वाटण्यांस मात्र या दुरुस्तीचा धक्का लागत नाहीं. जमीन वडिलोपार्जित कीं स्वकष्टार्जित, मृत्यु केव्हां झाला, वाटणी झाली कीं नाहीं, यांवर वाटे बदलतात. तेवढ्यासाठीं वकिलाचा सल्ला घ्यावा. पण नांव लावावयाचें कीं नाहीं हा प्रश्न वाट्याच्या आकड्याचा नव्हे. ज्या बहिणीस हक्क सोडावयाचा असेल ती नोंदणीकृत हक्कसोडपत्रानें सोडील. तो सोडण्याचा अधिकार तिचा आहे. तिचें नांवच न लिहून तो आपण वापरणें न्याय्य नाहीं.

म्हणून योग्य क्रम असा कीं, ए.कु.मॅ. हा शेरा काढण्यापूर्वीं त्यामागील सर्व माणसांचीं नांवें आधीं वर आणावीं, आणि मगच शेऱ्यास कंस घालावा. दोन्ही गोष्टी एकाच फेरफारांत व्हाव्या. थोरले हयात असतांनाच हें झाल्यास सर्वोत्तम. कारण त्या तीन अक्षरांचा अर्थ खात्रीनें सांगणारे साक्षीदार तेच असतात.

इतर शेऱ्यांचें काम यापुढें सोपें आहे. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. मूल अज्ञान असतांना पालकाचें नांव या शेऱ्यानें लागतें. मूल सज्ञान झालें कीं वयाचा पुरावा देऊन तो कमी करून घ्यावा. नाहींतर पन्नाशीचा गृहस्थ कागदावर अज्ञानच राहतो. कर्ज फिटलें असेल तर सोसायटीकडून किंवा बँकेकडून बेबाकी घेऊन बोजा कमी करावा. कर्ज फिटलें म्हणजे बोजा आपोआप उतरेल, असें समजूं नये. मात्र कूळ, इनाम, देवस्थान, वन, पुनर्वसन असे शेरे कितीहि जुने दिसले तरी त्यांस मेलेले मानूं नये. जुनें आणि मृत हे दोन शब्द समानार्थी नाहींत. आपल्याकडील कित्येक हक्कांचें मूळ निजामी दप्तरांतल्या फसली सनाच्या उर्दू कागदांत किंवा १९५४-५५ च्या खासरा पत्रकांत आहे. फसली सनांत सुमारें ५९० मिळविले कीं इसवी सन येतो; तेवढें गणित ठाऊक नसल्यामुळें तो कागद रद्दींत टाकणारीं घरें असतात, तीं पुढें त्याचीच नक्कल मिळविण्यासाठीं कचेरीच्या खेपा घालतात.

मेलेल्यास जिवंत ठेवणें ही एक चूक. जिवंतास मारणें ही तिची दुसरी बाजू. उत्तर प्रदेशांतील आझमगढ जिल्ह्याच्या लाल बिहारी यांची हकीकत पुष्कळांनीं ऐकिली असेल. जमिनीच्या लोभानें आप्तांनीं महसुली दप्तरांत त्यांस मृत म्हणून नोंदविलें. १९७५ च्या सुमारास हें झालें, आणि आपण जिवंत आहों हें दप्तराकडून मान्य करून घेण्यास त्यांस १९९४ साल उजाडलें. मधल्या काळांत त्यांनीं आपल्या नांवापुढें 'मृतक' हा शब्द लाविला आणि अशाच माणसांचा मृतक संघ स्थापिला. २०२१ सालीं त्यांच्या जीवनावर 'कागज' नांवाचा चित्रपटहि निघाला. एक नोंद काढण्यास एक घटका पुरते; ती परत आणण्यास एकोणीस वर्षें लागलीं. म्हणूनच संहितेच्या कलम १५० मध्यें फेरफाराची नोंद होतांच तिची प्रत चावडींत लावणें आणि हितसंबंधी माणसांस कळविणें आवश्यक ठेविलें आहे. नोटिशीनंतर हरकतीसाठीं १५ दिवसांची मुदत असते. मंजूर झालेला फेरफार मान्य नसल्यास उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करतां येतें. दूर राहणाऱ्या भावांनीं या नोटिसा कोणत्या पत्त्यावर येतात, हें एकदां तपासून पाहावें.

आजच्या घरांत एकतरी मुलगा किंवा सून संगणकाच्या नोकरींत असते. त्यांच्या कामांतहि हाच प्रश्न नित्य येतो, आणि त्यांनीं काढलेलें उत्तर आपल्या कंसासारखेंच आहे. संगणकांत माहिती कोष्टकांनीं ठेविलेली असते. एक ओळ म्हणजे एक नोंद. १९८० नंतरच्या दशकांत डीबेस नांवाची पद्धति फार चालत असे. तिच्यांत 'डिलीट' अशी आज्ञा दिली, तरी नोंद जात नसे. प्रत्येक नोंदीच्या आरंभीं एका अक्षराची जागा राखलेली असे, तींत एक तारका पडे. तारकेची नोंद दाखवूं नये असें सांगितलें कीं ती दिसत नसे, आणि 'रिकॉल' म्हटलें कीं ती परत येई. हाच तो लोप. नोंद खरोखर काढून टाकणारी आज्ञा निराळी होती. तिचें नांव 'पॅक'. ती दिली कीं तारकेच्या सर्व नोंदी जात, खालच्या नोंदी वर सरकत आणि त्यांचे क्रमांक बदलत. मग ज्या दुसऱ्या वहींत 'नोंद क्रमांक ४१२ पाहा' असें लिहिलेलें असेल, तेथें ४१२ वर भलताच गृहस्थ बसलेला असे! आणि 'पॅक' चालू असतांना वीज गेली, तर सगळें कोष्टकच बिघडण्याची भीति.

यासाठीं सावध माणसें 'पॅक' एकदम करीत नसत. ज्यांवर तारका नाहीं अशा नोंदी ते नव्या कोष्टकांत उतरवून घेत. जुन्या कोष्टकांतील एकंदर नोंदींतून तारकांकित वजा केल्यास नव्या कोष्टकाची संख्या येते कीं नाहीं हें ताडून पाहत. आणि जुनें कोष्टक नष्ट न करितां निराळें नांव देऊन बाजूस ठेवीत. आजच्या पद्धति पुष्कळ सुधारल्या आहेत, पण शिस्त तीच आहे. प्रथम संपूर्ण प्रत काढावी, आणि ती प्रत खरोखर उघडते कीं नाहीं तें दुसऱ्या जागीं उघडून पाहावें. ज्या कसोटीनें काढावयाच्या, त्याच कसोटीनें आधीं नोंदींची नुसती यादी मागवावी, मोजावी आणि डोळ्यांखालून घालावी. त्या नोंदींवर अवलंबून असलेल्या नोंदी दुसऱ्या कोष्टकांत आहेत काय, तें पाहावें. ग्राहक काढला आणि त्याचीं बिलें राहिलीं, तर तीं अनाथ होतात. मग काढण्याचें काम, सर्व होईल किंवा कांहींच होणार नाहीं, अशा एकाच बंधनांत करावें. नोंदी फार असतील तर वर्दळ नसलेल्या वेळीं थोड्या थोड्या काढाव्या. शेवटीं पुन्हां मोजावें.

ही शिस्त सुटली म्हणजे काय होतें, हें आपल्या अगदीं शेजारीं दिसलें. भोकरहून भैंशाकडे गेलें कीं तेलंगण लागतें. तेथील जुनें दप्तर आणि आमचें दप्तर एकाच निजामी राज्यांतलें. २०१७ सालीं तेथें भूमि-अभिलेखांच्या शुद्धीकरणाचें काम झालें, आणि २९ ऑक्टोबर २०२० रोजीं 'धरणी' ही संगणकीय व्यवस्था सुरू झाली. जुन्या पहाणींत प्रत्यक्ष कसणाऱ्याचा म्हणून जो रकाना होता, तो नव्या व्यवस्थेंत राहिला नाहीं; आणि चुकीची नोंद महसुली अधिकाऱ्यांकडे अपील करून सुधारून घेण्याची वाटहि फारशी उरली नाहीं. तक्रारी इतक्या झाल्या कीं शेवटीं २०२५ सालीं 'भूभारती' हा नवा कायदा करून अपिलाची सोय पुन्हां करावी लागली. दप्तर स्वच्छ करण्याचा हेतु वाईट नव्हता. पण एक रकाना म्हणजे एक ओळ नव्हे. त्यांत लाखों माणसांचें कसणें लिहिलेलें असतें.

याचा अर्थ, सर्वच कायमचें सांठवून ठेवावें असाहि नाहीं. शासनाच्या अभिलेख कक्षांत कागदांचे वर्ग ठरलेले आहेत: 'अ' वर्गाचा कागद कायम ठेवावयाचा, 'ब' वर्गाचा ३० वर्षें, 'क' वर्गाचा १० वर्षें, 'क-१' चा ५ वर्षें, आणि 'ड' वर्गाचा एक वर्ष. मुदत संपली कीं यादी करून, अधिकाऱ्याची मंजुरी घेऊन मगच तो नष्ट करावयाचा. कागदाची किंमत त्याच्या वयावरून ठरत नाहीं. त्यावर कोणाचा हक्क टेकला आहे यावरून ठरते. वीजबिल आणि वाटणीपत्र एकाच पेटींत ठेवणाऱ्यानें हें लक्षांत घ्यावें.

आतां प्रत्यक्ष घरीं काय करावें? आपल्या प्रत्येक गटाचा चालू सातबारा आणि आठ-अ काढावा. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा आतां घरबसल्या मिळतो. त्यांतील चालू नांवांपैकीं कोण हयात नाहीं, तें लाल शाईनें खुणावें. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावयाची असते. ज्यांचे दाखले नाहींत ते आधीं मिळवावे. प्रत्येक कंसाजवळचा फेरफार क्रमांक टिपून त्याची नक्कल घ्यावी. नांवापुढें ए.कु.मॅ. असेल, तर त्यामागें कोण कोण होतें याची वंशावळ वडीलधाऱ्यांस विचारून लिहावी. तींत लेकीबाळींचीं नांवें सासरच्या आडनांवासह यावीं, आणि निपुत्रिक वारलेल्यांचींहि यावीं. कारण त्यांचा वाटाहि कोणाकडे तरी गेलेला असतो. ती सर्वांस वाचून दाखवावी आणि मगच अर्ज करावा. फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून जुन्याशीं ओळीनें ताडून पाहावा. हा शेवटचा श्रम बहुतेक लोक वांचवितात, आणि चूक नेमकी तेथेंच सांपडावयाची असते. जुना उतारा फाडूं नये. त्यावर तारीख घालून तो पेटींत ठेवावा.

त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांस ठाऊक आहे कीं तेथें कोणाचें नांव खोडीत नाहींत. आपले पणजोबा तेथें आपल्या वडिलांचें नांव सांगून गेलेले असतात, आणि आपण गेलों कीं पुढची ओळ भरली जाते. सातबारा तसा चालत नाहीं, चालूं नये. तो कर आणि कर्ज यांचा कागद आहे, त्यांत आजचें नांवच हवें. तेथें मृताचें नांव कंसांत गेलेंच पाहिजे. मात्र तें जाण्यापूर्वीं त्याच्या आश्रयास असलेल्या प्रत्येकाचें नांव त्या पानावर आलें आहे ना, एवढें घरच्या वडीलधाऱ्यांनीं चष्मा लावून स्वतः पाहावें. हें काम नातवाच्या भरंवशावर टाकूं नये. त्यास आठवणार नाहीं, कारण तो त्या माणसांस ओळखतच नसतो.